जुन्या वस्त्यांचा निर्णय वस्तीत व्हावा

पावसाळा तोंडावर आला की नागपूर महापालिकेची झोन कार्यालये शिकस्त, म्हणजे मोडकळीस आलेल्या, इमारतींच्या याद्या काढतात. महाल, इतवारी, गांधीबाग, सतरंजीपुरा, सीताबर्डी या भागांतल्या जुन्या घरांच्या दारांवर नोटिसा लागतात, आणि महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ चा हवाला देऊन घर रिकामे करून पाडण्याचे बजावले जाते. या कारवाईमागचा हेतू रास्त आहे. जुनी भिंत कोसळून माणसे दगावली तर त्या मृत्यूंची भरपाई कोणताही वारसा करू शकत नाही, हे आधीच स्पष्ट म्हणायला हवे. पण जुन्या नागपूरचे भवितव्य वारसा समितीच्या बैठकीपेक्षा या नोटिशीनेच अधिक ठरत आले आहे असे माझे मत आहे, आणि आपल्याकडील वारसा-संरक्षणाची चर्चा या वास्तवाला फारशी भिडत नाही.

कलम २६४ नीट वाचले तर आयुक्तांना चार गोष्टी सांगण्याचा अधिकार दिलेला दिसतो: धोकादायक बांधकाम पाडा, त्याला आधार द्या, ते हलवा किंवा दुरुस्त करा. राज्य शासनाच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही धोकादायक इमारतींचे सी-१ पासून सी-३ पर्यंत वर्ग केलेले आहेत आणि त्यांतल्या फक्त पहिल्या वर्गात इमारत पाडणे अपेक्षित आहे. बाकीच्या वर्गांत रहिवासी हलवून वा न हलवता दुरुस्ती करायची आहे. म्हणजे दुरुस्तीचा मार्ग कायद्याने खुला ठेवला आहे. व्यवहारात मात्र तो क्वचितच निवडला जातो आणि त्याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत.

पहिले कारण तांत्रिक आहे. महालातला जुना वाडा हा सागवानी खांब, तुळया, पातळ पक्क्या विटा आणि चुन्याच्या दरजा या सामग्रीतून उभा असतो. त्याचा बराचसा भार लाकडी सांगाडा पेलतो, भिंती तो सांगाडा भरून काढतात. एखादी तुळई कुजली तर ती बदलता येते, खांबाचा बुंधा ओल लागून सडला तर तेवढा भाग कापून नवा जोड देता येतो आणि चुन्याची भिंत चुन्यानेच सांधली तर ती पुन्हा घट्ट होते. पण घराची तपासणी करायला येणारा अभियंता सळई-सिमेंटच्या बांधकामावर शिकलेला असतो. त्याला तडा दिसतो आणि त्या तड्याचा अर्थ तो आपल्या ओळखीच्या बांधकामाच्या नियमाने लावतो. त्यात मधल्या काळात कोणी भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवलेला असेल तर ओल आत कोंडून राहते आणि घर खरोखरच लवकर खचते. ज्या इलाजाने घर बिघडले, त्याच ज्ञानाने ते पुढे नापास केले जाते.

दुसरे कारण मालकीचे आहे आणि ते अधिक अवघड आहे. एका वाड्याचे आठ-दहा वारस असतात, त्यांतले काही पुण्याला, काही परदेशात, आणि प्रत्यक्ष घरात राहतो तो एखादा वारस व त्याच्यासोबत दोन-तीन पिढ्यांचे भाडेकरू. भाडे इतके नाममात्र की त्यातून वर्षाचे कवेलू (छपराची कौले) चाळण्याचा खर्चही निघत नाही. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा भाडेकरूला संरक्षण देतो आणि ते देणे योग्यच आहे, परंतु दुरुस्तीचा पैसा कोठून यावा या प्रश्नाचे त्याच्याकडे समाधानकारक उत्तर नाही. मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरूने केली तर मालक हरकत घेतो, घर खचत जाते आणि शेवटी शिकस्तीची नोटीस ही मालक, बांधकाम व्यावसायिक आणि कधीकधी थकून गेलेले भाडेकरू या सर्वांच्याच सोयीची ठरते. या व्यवहारात कोणीही बेकायदा वागलेले नसते. तरीही वस्तीचा एक तुकडा कायमचा जातो आणि तो गेल्याची नोंद कोणत्याही वारसा-नोंदवहीत होत नाही, कारण त्या नोंदवहीत तो मुळात नव्हताच.

नोंदवहीचा प्रश्न येथेच येतो. भारतात वारसा-नियमावलीचा आरंभ १९९५ साली मुंबईत झाला. ऐतिहासिक इमारतींच्या तीन श्रेणी ठरवायच्या, प्रत्येक श्रेणीत किती बदलास मुभा द्यायची ते नमूद करायचे आणि परवानगीपूर्वी एका समितीचा सल्ला घ्यायचा, अशी ती रचना होती. पुढे नागपूरसाठीही त्याच धर्तीची यादी झाली. तिच्यात दीडशेच्या आसपास नावे आहेत. त्यांत उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाची इमारत आहे. हेन्री मेड या वास्तुरचनाकाराने तिचा आराखडा केला, १९३७ मध्ये पायाभरणी झाली आणि जानेवारी १९४० मध्ये उद्घाटन. विधानभवन, १९२५ चे रेल्वे स्थानक, १८६३ मध्ये सुरू झालेले मध्यवर्ती संग्रहालय म्हणजे आपले अजबबंगला, कस्तुरचंद पार्क, काही चर्च, भोसलेकालीन मंदिरे, तलाव, अशी ती यादी आहे. या सर्व वास्तू जपण्यालायकच आहेत. परंतु त्यांतल्या बऱ्याच वास्तूंमागे शासन, न्यायालय, रेल्वे किंवा एखादी संस्था उभी आहे. उच्च न्यायालयाची इमारत यादीत नसती तरी ती पाडण्याचे धाडस कोणी केले नसते. यादीची खरी गरज ज्यांच्यामागे कोणी उभे नाही अशा घरांना आणि गल्ल्यांना असते, आणि तेथेच ती तोकडी पडते.

वास्तविक कायद्याने केवळ सुट्या इमारतींचा विचार केलेला नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम २२ मध्ये विकास योजनेत कोणत्या बाबी असाव्यात हे सांगितले आहे आणि तेथे वारसा इमारतींबरोबर वारसा परिसरांचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे एक संपूर्ण वस्ती, तिच्या गल्ल्या, चौक, विहिरी, घरांच्या उंचीचे एकमेकांशी असलेले प्रमाण, तिच्यात चालणारा व्यवसाय, हे सारे मिळून जपण्याची तरतूद आहे. जुन्या नागपूरचे मोल ओळखायचे तर या तरतुदीवाचून दुसरा मार्ग नाही, कारण येथे एकेकटी अलौकिक म्हणावी अशी घरे थोडी आणि एकमेकांच्या आधाराने अर्थ मिळवणारी घरे पुष्कळ आहेत.

१७०२ च्या सुमारास देवगडच्या बख्त बुलंद शहाने काही लहान खेड्यांना जोडून या नगराची उभारणी केली. त्याच्यानंतर चांद सुलतानाच्या काळात नगराला कोट आणि वेशी आल्या, जुम्मा तलाव बांधला गेला. त्या कोटाची आठवण म्हणून जुम्मा दरवाजा, म्हणजे आजचे गांधी गेट, अजून उभा आहे. पहिल्या रघुजी भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर राजधानी येथे आणली आणि राजवाड्याभोवती सरदार, चिटणीस, वैद्य, सराफ, कारागीर यांची घरे वसत गेली. आठवड्याच्या बाजारांच्या नावांनी इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी अशा पेठा ओळखल्या जाऊ लागल्या. गोंड राजवटीचा किल्ला आणि भोसल्यांचा वाडा एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर असणे, ही या शहराच्या इतिहासातली असाधारण गोष्ट आहे. तो सलग इतिहास महालाच्या गल्ल्यांच्या आखणीत अजूनही वाचता येतो. एखादा वाडा संग्रहालयासारखा राखला आणि त्याच्या भोवतालची आखणी पुसली, तर तो वाडा तेथेच का होता हेच कळेनासे होईल.

चितारओळीचे उदाहरण मला या संदर्भात सर्वांत महत्त्वाचे वाटते. या ओळीतल्या बहुतेक घरांत वास्तुकलेचे वैशिष्ट्य शोधायला गेलेल्या तज्ज्ञाला फारसे काही हाती लागणार नाही. काही घरे साधी, काही नंतर दुरुस्त केलेली, काहींच्या वरच्या मजल्यावर पत्रे. पण पिढ्यान्‌पिढ्या मूर्ती घडवणाऱ्या चिताऱ्यांनी ही ओळ घडवली आहे. गणपती, पुढे शारदा, दुर्गा, आणि वर्षभर इतर कामे. घराचा तळमजला म्हणजे कारखाना, पुढची छपरी म्हणजे मूर्ती सुकवण्याची आणि रंगवण्याची जागा, आणि रस्ता हा मूर्ती बाहेर काढण्याचा व गिऱ्हाइकाशी बोलण्याचा मांडव. मोठी मूर्ती दारातून बाहेर निघेल इतकी दाराची उंची, रंग वाळेल इतका वारा, मजुराला रात्री झोपता येईल इतका कोपरा, हे सर्व त्या घरांच्या रचनेत बसवलेले आहे. भाद्रपदाच्या आधीच्या आठवड्यात सारे नागपूर या ओळीत येते, आणि त्या गर्दीमुळेच कारागिराला थेट गिऱ्हाईक मिळते. या घरांच्या जागी तळमजल्यावर वाहनतळ आणि वर सदनिका असलेली इमारत आली तर कायद्याने कोणाचेही नुकसान झाले असे म्हणता येणार नाही. मालकाला मोबदला मिळेल, भाडेकरूला पर्यायी जागाही मिळेल. मात्र कारागीर शहराच्या कडेला जाईल, तेथे त्याला दलालावर अवलंबून राहावे लागेल, आणि पुढच्या पिढीतला मुलगा या धंद्यात उतरणार नाही. श्रेणी पहिली, दुसरी, तिसरी या मोजमापात ही हानी कोठे मोजायची?

मारबतीचेही, म्हणजे मिरवणुकीने नेऊन जाळल्या जाणाऱ्या मोठ्या पुतळ्याचेही, असेच आहे. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी मारबत १८८५ पासून निघते असे मानले जाते. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी या मिरवणुका पूर्व नागपुरातल्या ज्या गल्ल्यांतून, ज्या चौकांतून जातात, त्या गल्ल्यांची रुंदी, दुतर्फा माड्या आणि गॅलऱ्या, थांबण्याच्या जागा, वळणे या सर्वांनी मिळून त्या मिरवणुकीचे रूप घडले आहे. सणाला वारसा म्हणून गौरवायचे आणि त्या सणाच्या रस्त्याबद्दल काहीच बोलायचे नाही, ही विसंगती आहे.

यादीतल्या उणिवेची आणखी एक बाजू आहे आणि ती अधिक गंभीरपणे मांडली पाहिजे. वास्तूचे मोल ठरवणाऱ्या तज्ज्ञांच्या डोळ्यांना राजवाडे, देवळे आणि इंग्रजी अमदानीतले दगडी बांधकाम सहज दिसते. श्रमिकांचा, विणकरांचा, दलितांचा इतिहास ज्या साध्या जागांत घडला त्या जागा तितक्या सहज दिसत नाहीत. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेल्या एम्प्रेस मिलने या शहराला कामगारवर्ग दिला. मिल २००२ मध्ये बंद पडली आणि आज त्या जागेवर मॉल आणि निवासी संकुल आहे. गोळीबार चौक, तांडापेठ, पाचपावली या भागांतल्या कोष्टी विणकरांच्या घरांत मागासाठी केलेल्या जागा होत्या. त्या घरांचे साधे मोजमाप-नकाशेसुद्धा शहराकडे असायला हवेत. सीताबर्डीतल्या श्याम हॉटेलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर ऑक्टोबर १९५६ मध्ये उतरले होते आणि धम्मदीक्षेच्या आदल्या दिवशी तेथेच त्यांनी वार्ताहरांशी संवाद साधला. त्या जागेचे महत्त्व तिच्या कमानींवरून ठरणार नाही. आणि अंबाझरी परिसरातले डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन २०२१ मध्ये पाडले गेले तेव्हा जे दीर्घ आंदोलन उभे राहिले, ते इमारतीच्या वयावरून समजून घेता येणार नाही. ती इमारत शंभर वर्षांची नव्हती, पण लोकांच्या लेखी ती त्यांची होती, आणि हे मोल ओळखणारी कोणतीही व्यवस्था पाडण्याच्या निर्णयापूर्वी कामाला लागली नव्हती.

दीक्षाभूमीवर १ जुलै २०२४ रोजी जे घडले त्याकडेही मी याच दृष्टीने पाहतो. परिसराच्या विकासकामांत भूमिगत वाहनतळ होते. खोदकाम सुरू झाल्यावर स्तूपाला धोका होईल या भावनेने हजारो अनुयायी जमले, बांधकाम साहित्याची तोडफोड आणि जाळपोळ झाली, आणि त्याच दिवशी शासनाला कामास स्थगिती द्यावी लागली. वाहनतळाची तांत्रिक बाजू बरोबर होती की चूक हा स्वतंत्र विषय आहे. ज्या जागेवर लाखो लोकांची श्रद्धा आहे, तेथला आराखडा त्या लोकांपुढे सविस्तर, त्यांच्या भाषेत आणि वेळेत मांडला गेला असता, तर हरकती खोदकामाआधी आल्या असत्या. हरकत येणारच असेल तर ती कागदावर यावी की खड्ड्याच्या काठावर, एवढाच निर्णय प्रशासनाच्या हातात असतो.

आजची प्रक्रिया या कसोटीवर उतरत नाही. वारसा संवर्धन समिती शासन नेमते आणि तिच्यात वास्तुरचनाकार, अभियंते, इतिहासाचे जाणकार, प्रशासनातले अधिकारी असतात. समितीची भूमिका सल्ल्याची आहे. कारणे लेखी नमूद करून आयुक्त तिच्या मताविरुद्ध निर्णय घेऊ शकतात. ज्या वस्तीबद्दल चर्चा चालू आहे तेथला रहिवासी त्या चर्चेत कोठेच नसतो. निर्णय झाल्यावर त्याला वर्तमानपत्रातून कळते आणि मग त्याच्यापुढे उरतो उच्च न्यायालयाचा रस्ता. कस्तुरचंद पार्कच्या दुरवस्थेची आणि झिरो माइलच्या स्तंभाच्या देखभालीची दखल अखेर न्यायालयालाच घ्यावी लागली. न्यायालयाने ती घेतली याबद्दल नागपूरकरांनी कृतज्ञ असले पाहिजे. परंतु एका मैदानाची निगा राखली जावी यासाठी न्यायमूर्तींना वेळ द्यावा लागत असेल तर त्याच्या अलीकडच्या सगळ्या पायऱ्या मोडलेल्या आहेत असाच त्याचा अर्थ होतो. त्याच कस्तुरचंद पार्कच्या मातीत २०१९ मध्ये काम सुरू असताना जुन्या तोफा सापडल्या. खोदण्यापूर्वी जमिनीखाली काय असेल याचा अभ्यास करावा, एवढी साधी अट श्रेणी एकच्या जागेवर तरी असायला हरकत नव्हती.

महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर दीर्घकाळ कारभार प्रशासकाकडे राहिला, हेही येथे लक्षात घ्यावे लागेल. राज्यघटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नगरनियोजनाबरोबर सांस्कृतिक आणि सौंदर्यविषयक बाबींचे संवर्धनही नागरी संस्थांच्या कामांत घातले. ते काम करायला निवडून आलेला प्रतिनिधीच नसेल, तर वस्तीचा आवाज वर पोचण्याची शेवटची वाटही बंद होते. आणि नगरसेवक असला तरी एका प्रभागाच्या हजारो मतदारांत जुन्या गल्लीतली चाळीस घरे त्याच्या हिशेबात फारशी मोजली जात नाहीत. म्हणून वारसा परिसरासाठी वेगळी, लहान आणि त्या परिसरापुरतीच अशी समीक्षा-समिती असली पाहिजे असे माझे म्हणणे आहे.

तिची रचना अवघड नाही. त्या परिसरातले घरमालक, भाडेकरू, दुकानदार आणि कारागीर यांचे प्रतिनिधी, झोन कार्यालयाचा एक अधिकारी, संवर्धनाचा अनुभव असलेला एक वास्तुरचनाकार आणि चुना-लाकडाच्या बांधकामाची जाण असलेला एक संरचना अभियंता एवढी माणसे पुरेशी आहेत. विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत वास्तुकलेचा विभाग आहे, शहरात इतर वास्तुकला महाविद्यालये आहेत, इंटॅक या वारसा-संवर्धन संस्थेची नागपूर शाखा आहे. मनुष्यबळ नाही ही सबब टिकणारी नाही. परिसरात कलम २६४ ची नोटीस काढायची असेल तर तातडीचा धोका वगळता या समितीच्या अभियंत्याचे दुसरे मत पंधरा दिवसांत घेणे बंधनकारक असावे, आणि पाडण्याचा आदेश देताना दुरुस्ती का शक्य नाही हे लेखी सांगावे लागावे. रस्तारुंदीची रेषा, पुनर्विकासाचा प्रस्ताव, उंचीची सवलत, सार्वजनिक जागेतले मोठे काम या गोष्टी तिच्यापुढे आधी याव्यात. तिने तीस दिवसांत मत दिले नाही तर प्रस्ताव आपोआप मंजूर समजू नये, तो शहराच्या वारसा समितीकडे जावा. कामकाज मराठीत असावे आणि इतिवृत्त प्रत्येक बैठकीनंतर वस्तीत लावले जावे.

आणखी एक अधिकार तिला हवा: स्थानिक महत्त्वाच्या जागा सुचवण्याचा. विहीर, आखाडा, वाचनालयाची खोली, मिरवणूक थांबते तो पार, एखाद्या चळवळीची बैठक झाली ते घर, अशा जागांची नोंद शहराच्या यादीपेक्षा वेगळ्या, हलक्या बंधनांच्या यादीत व्हावी. अशा जागेवर बदल करायला पूर्ण मनाई नको. तिथे काही करण्यापूर्वी तिची छायाचित्रे, मोजमाप आणि आठवणी नोंदवल्या जाव्यात आणि वस्तीला म्हणणे मांडण्याची संधी मिळावी, एवढे पुरे.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप मालकांचा आहे, आणि त्यात तथ्य आहे. वारशाचे कौतुक साऱ्या शहराने करायचे आणि त्याचा खर्च एका कुटुंबाने सोसायचा, ही व्यवस्था अन्यायाची आहे. ज्या घरात चार भावांच्या संसारांना दोन न्हाण्या पुरवायच्या आहेत, त्यांना कोरीव खांबांचे महत्त्व सांगताना आपण काय सांगतो आहोत याचे भान हवे. वारसा श्रेणी लागली की घराची किंमत पडते, बँक कर्जाला कुरकुरते, साधी दुरुस्ती करायची तर दहा कागद लागतात, अशी भीती खोटी नाही; म्हणूनच सर्वेक्षणाची चाहूल लागताच घाईने घर पाडून टाकण्याकडे मालकाचा कल होतो. विकास हक्क हस्तांतरण, म्हणजे टीडीआर, हा त्यावरचा ठरलेला उपाय आहे: जागेवर न वापरता आलेले बांधकामाचे हक्क मालकाने अन्यत्र विकावेत. मोठ्या भूखंडाच्या, एकाच मालकाच्या बंगल्याला तो उपयोगी पडेल. परंतु महालातल्या सातशे-आठशे चौरस फुटांच्या आणि दहा वारसांच्या घराला टीडीआरचे प्रमाणपत्र मिळवणे हेच वर्षानुवर्षांचे प्रकरण होऊन बसते. त्या घराला हवा आहे तो तुळई बदलण्यापुरता, कवेलू नवे बसवण्यापुरता थेट निधी, सोबत मालमत्ता करात सूट, झोन कार्यालयातच मिळणारी दुरुस्तीची परवानगी आणि ओळखीचा सुतार. हा निधी लहान असू शकतो. रस्त्यांवर, उड्डाणपुलांवर आणि सुशोभीकरणावर हे शहर जो खर्च करते, त्याच्या तुलनेत तो नजरेतही भरणार नाही. आणि संरक्षणाचे बंधन घालण्याआधी हा निधी मंजूर झालेला असावा. बंधन आज आणि मदत पुढे कधीतरी, या क्रमावर कोणताही मालक विश्वास ठेवणार नाही, आणि त्याने ठेवूही नये.

दुसरा आक्षेप रहदारीचा. इतवारीत आग लागली तर अग्निशमन गाडी आत शिरत नाही, रुग्णवाहिका अडकते. हे खरे आहे आणि त्याकडे डोळेझाक करून वारशाची भाषा बोलणे बेजबाबदारपणाचे होईल. काही ठिकाणी रस्ता मोकळा करावाच लागेल. परंतु केळीबाग रस्त्यासारख्या जुन्या मार्गाचे रुंदीकरण झाल्यावर अर्धी कापलेली घरे आणि उघड्या पडलेल्या मधल्या भिंती मागे राहतात, आणि मोकळ्या झालेल्या जागेत काही महिन्यांत गाड्या उभ्या राहू लागतात, हे आपण शहरात इतरत्रही पाहतो. मेट्रोची पूर्व-पश्चिम मार्गिका आता सेंट्रल अॅव्हेन्यूवरून धावते आणि तिच्यावर चितारओळीच्या नावाचे स्थानकसुद्धा आहे. जुन्या शहराचा मोठा भाग मेट्रोपासून पायी अंतरावर आला असताना प्रत्येक गल्ली मोटारीच्या मापाने कापण्याचा आग्रह जुना झाला आहे. मालवाहू गाड्यांना वेळा ठरवून देणे, एकेरी मार्ग, गल्लीच्या तोंडाशी पाण्याचे अग्निरोधक नळ, जुन्या विद्युतजोडण्यांची तपासणी हे उपाय आधी करून पाहिले जावेत आणि ते अपुरे ठरल्याचे वस्तीसमोर दाखवल्यानंतरच घरे कापण्याचा विषय निघावा.

स्थानिक समिती म्हणजे स्थानिक दांडगाई, अशीही शंका घेतली जाते. एखादा बांधकाम व्यावसायिक चार सदस्य आपल्या बाजूला वळवील, एखादे वजनदार घराणे शेजाऱ्याची दुरुस्ती अडवील, किंवा वारशाच्या नावाखाली कोणा समाजाला वस्तीत येण्यापासून रोखले जाईल. या शंका मला क्षुल्लक वाटत नाहीत. म्हणूनच सदस्यांची मुदत छोटी असावी, निम्म्या जागा भाडेकरू आणि कारागिरांसाठी राखलेल्या असाव्यात, स्वतःचा हितसंबंध असलेल्या विषयावर सदस्याने बाहेर बसावे आणि प्रत्येक निर्णयावर शहराच्या समितीकडे दाद मागता यावी. तिचा अधिकार इमारतीच्या आणि जागेच्या स्वरूपापुरताच असावा. घर कोणाला विकायचे वा कोणाला भाड्याने द्यायचे यात तिला बोलता येऊ नये. गैरवापराची भीती आजच्या व्यवस्थेतही आहे, फरक इतकाच की आज तो बंद दाराआड होतो.

अहमदाबादने १९९६ साली महापालिकेतच वारसा कक्ष सुरू केला आणि पोळांमधल्या, म्हणजे जुन्या गल्लीवजा वस्त्यांमधल्या, लाकडी घरांच्या मालकांशी वर्षानुवर्षे बोलत राहून, वस्तीतून पदयात्रा काढून ते काम पुढे नेले. २०१७ मध्ये ते जागतिक वारसा शहर ठरले. तेथेही घरे पडली, तेथेही तक्रारी आहेत. पण त्या शहराच्या पालिकेत जुन्या घराचा मालक ज्याच्या टेबलापुढे जाऊन बसू शकेल असा एक कक्ष होता. नागपुरात असा मालक नगररचना विभाग, झोन, सुधार प्रन्यास आणि वारसा समिती यांच्यामध्ये फिरत राहतो.

शहराच्या विकास योजनेची फेरआखणी होईल तेव्हा महाल, चितारओळ, इतवारीचा जुना बाजार, शुक्रवारी तलावाचा काठ आणि विणकर वस्त्यांतले निवडक भाग कलम २२ प्रमाणे वारसा परिसर म्हणून नकाशावर आखले जावेत. तोवर थांबण्याचे कारण नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी झोन कार्यालये शिकस्त इमारतींची यादी करतीलच. गांधीबाग झोनपासून सुरुवात करून त्या यादीतल्या प्रत्येक जुन्या घराची चुना-लाकडाचे काम जाणणाऱ्या अभियंत्याकडून दुसरी तपासणी करवावी, पाडायची आणि दुरुस्त करायची घरे वेगळी लिहावीत, ती यादी मराठीत गल्लीच्या तोंडाशी लावावी आणि तातडीच्या धोक्याची घरे सोडून बाकी सर्वांसाठी तीस दिवस हरकती मागवाव्यात. याला नवा कायदा लागत नाही, आयुक्तांचा एक आदेश पुरेसा आहे.